मिरच्यांच्या कागदातलं सातवं प्रकरण

दुपारची भांडी घासून झाली की मी पाताळात जात असे आणि गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की परत येत असे. मधल्या वेळात स्वयंपाकघराचं दार लोटून, पाटावर कागद ठेवून, मी राक्षसांची नगरी वसवीत असे. उजव्या हाताला दौत, डाव्या हाताला पोळ्यांचा डबा. कुणी आलंच तर कागद डब्याखाली सरकवायचे आणि तांदूळ निवडायला घ्यायचे. त्या राक्षसांची मला कधीच भीती वाटली नाही. ते माझ्या मुठीतले होते. मी मरा म्हटलं की मुकाट मरत.

अद्भुत कादंबरी लिहिणारी बाई सोलापुरात तेव्हा कुणी पाहिली नव्हती आणि पाहिली असती तर तिला मांत्रिकाकडे नेली असती. म्हणून पुस्तकावर नाव यायचं होतं ते ह्यांचं. हे म्हणजे माझे यजमान. सरकारी मदतीवर चालणाऱ्या एका हायस्कुलात गणित शिकवीत. छापखान्याचे मालक ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी हस्तलिखित चाळून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, छापू आपण. पण बाईंचं नाव घालू नका. लोक लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक समजतील." मला राग आला आणि हसूही आलं. छापून यायचं म्हटल्यावर मी राग गिळला.

प्रुफं हे तपासत. शाळेतून आले, चहा झाला, की खिडकीशी बसून तांबडी पेन्सिल चालवायची. पण गोष्ट म्हणून त्यांनी एक ओळ वाचली असेल तर शपथ. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं, काना-मात्रा पाहायची, आणि कागद घडी करून ठेवायचा. "काय झालं हो त्या राजपुत्राचं?" असं मी मुद्दाम विचारलं तर म्हणत, "त्याचा पु पहिला की दुसरा एवढं मला ठाऊक. बाकी तुझी भुतं तुझ्यापाशी." मी लिहिलेलं कुणी तरी नुसती गोष्ट म्हणून वाचावं आणि पुढे काय झालं म्हणून मला विचारावं, याची मी त्या वर्षी किती वाट पाहिली ते कुणाला सांगून पटणार नाही.

छापखाना लहान. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, मोजके. त्यामुळे पुस्तक फर्म्याफर्म्यानं छापत. फर्मा म्हणजे एक मोठा कागद. त्यावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं बसत, काही सुलटी, काही उलटी. घडी घातली की ती क्रमानं लागत. एक फर्मा जुळवायचा, त्याच्या सगळ्या प्रती छापायच्या, मग खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढचा फर्मा जुळवायचा. म्हणजे छापून झालेल्या पानांचे कागद गेले तर मागे काही उरत नसे. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. एकेक फर्मा निघाला की मी माहेरी भावाला पत्रानं कळवायची की आज इतकं झालं, राजपुत्र आता विहिरीत उतरला. माझ्या आयुष्यातली बातमी तेवढीच.

सातवं प्रकरण नेमकं एका फर्म्यात बसलं होतं. त्यात राक्षस व्यापारी होऊन पाताळनगरीत येतात, ओसरीपुरती जागा मागतात आणि बघता बघता माजघर बळकावतात. ऊन कधी न लागल्यामुळे ते पांढरेफटक. नगरीच्या बुरुजावर त्यांचं निशाण. मग एक कोष्ट्याची पोर बुरुज चढून जाते, ते निशाण उतरवते आणि आपल्या लुगड्याचा पदर फाडून तिथं बांधते. राखेनं भांडी घासून तिचे हात चिरलेले असतात आणि दोर ओढताना ते झोंबतात. ते झोंबणं लिहिलं तेव्हा मी स्वतःशीच खूश झाले होते.

हे सगळं मी थंडीत लिहिलं. प्रकरण छापून झालं उन्हाळ्याच्या तोंडाला. आणि तीस सालच्या त्या उन्हाळ्यात आमचं गाव पेटलं.

काय काय झालं ते पुष्कळांनी सांगितलं आहे, मी सांगायला नको. आमच्या खिडकीतून दिसलं तेवढं माझं. आधी आरडाओरडा, मग बार, मग कधी नव्हे ती शांतता. गिरण्यांचे भोंगेसुद्धा बंद. लष्करी कायदा आला. सात रस्त्याच्या चौकात गोरे शिपाई बंदुका रोखून उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की माणूस उचलत. झेंड्यापायी तर भलीभली माणसं आत गेली. अंधार पडायच्या आत दारं लागायची. ह्यांनी जन्मभर काळी टोपीच घातली होती, तरी बाहेर पडताना दहादा चाचपून बघत, जणू ती डोक्यावरच्या डोक्यावर पांढरी होईल.

मी खिडकीत उभी राहून ते बघत होते आणि मला माझं सातवं प्रकरण आठवलं. मी रचलं तेव्हा ते सगळं खोटं होतं. आता कुणी म्हणेल का, की ही थंडीतली गोष्ट आहे?

अशा एका दुपारी छापखान्याचे मालक मागच्या दारानं आले. एरवी पुढच्या ओट्यावरून "मास्तर" म्हणून हाक मारणारा माणूस, न्हाणीघरापाशी उभा राहून घाम पुसत होता. पलीकडच्या पेठेतल्या एका छापखान्यावर झडती झाली होती. मालकाला आणि खिळे जुळवणाऱ्यांना नेलं होतं. "मी काल रात्री आपले सगळे फर्मे काढून वाचले," ते म्हणाले. "मास्तर, हे सातवं प्रकरण तुम्ही वाचलंय का?"

"तपासलंय," हे म्हणाले.

"वाचलंय का?"

ह्यांनी कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. पहिल्यांदाच, गोष्ट म्हणून. वाचता वाचता त्यांचे ओठ पांढरे पडत गेले. पुस्तकावर नाव त्यांचं होतं. कुणी आलं असतं तर त्यांनाच घेऊन जाणार होते, आणि तेही त्यांनी न लिहिलेल्या, न वाचलेल्या गोष्टीपायी. हे मला तिथं, न्हाणीघराच्या दारात उभी असताना, पहिल्यांदा नीट कळलं.

"राक्षस पांढरे कशाला केलेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"जमिनीखाली राहतात. ऊन लागत नाही."

"आणि शिंगं?"

"शिंगं नाहीत ह्या राक्षसांना."

"शिंगं तरी द्यायचीस गं," हे म्हणाले आणि खाली बसले.

ठरलं ते असं. सातव्या प्रकरणाचे सगळे कागद छापखान्यातच जाळायचे. घरातलं हस्तलिखित मी जाळायचं. आणि त्या जागी नवं, निरुपद्रवी प्रकरण लिहायचं, तेवढ्याच पानांचं. मी माझी पानं बंबात घातली. आमच्याकडे कागदाला पाय लागला तरी कपाळाला हात लावायची रीत. अक्षर जाळणं तर लांबच. म्हणून आधी नमस्कार केला आणि मग घातली. ह्यांनी त्या पाण्यानं अंघोळ केली. मला रडू आलं नाही. भीती एवढी होती की रडायला जागाच नव्हती.

नव्या प्रकरणातले राक्षस हिरवे होते, त्यांना शिंगं होती, शेपट्या होत्या, एकाला तर दोन. कोष्ट्याची पोर बुरुज चढतच नव्हती. राक्षसांच्या राजालाच उपरती होऊन तो नगरी परत देत होता आणि वर तिला वरदान देत होता. लिहिताना माझीच मला शिसारी येत होती. पण दर दोन ओळींनी रस्त्यावर बुटांचा आवाज यायचा आणि मी राजाला आणखी थोडी उपरती करायची.

आता सुटलो, असं वाटलं. मग एके दिवशी मी जिऱ्याची पुडी सोडली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेली, हातभर दोऱ्यानं बांधलेली. जिरं डब्यात ओतलं आणि सवयीनं कागद हातानं सपाट केला. त्यावर लिहिलं होतं, "दोर तिच्या चिरलेल्या हातांना झोंबला."

मला आधी वाटलं माझं डोकं फिरलं. मग मी तो कागद ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी वाचला, उलटा करून वाचला, आणि न बोलता टोपी घालून छापखान्यात गेले. परत आले ते मालकांना घेऊनच, मागच्या दारानं. मालक कपाळ बडवून घेत होते. त्यांचा फोरमन पद्मसाळी, घरी तेलुगू बोलणारा, वयानं ह्यांच्याहून मोठा. कागद जाळ म्हणून सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, पण त्याचा हात झाला नाही. "दसऱ्याला ज्या खिळ्यांना हळदकुंकू वाहतो, त्यांचं उमटलेलं जाळायचं? आमच्याकडे करत नाहीत तसं," असं त्यानं आता सांगितलं होतं. मग खराब कागदांचं दर महिन्याला जे करायचं तेच त्यानं केलं. गठ्ठा बांधला आणि वाण्याला दिला. म्हणजे सातवं प्रकरण जाळायच्या ऐवजी आम्ही ते सबंध पेठेत वाटायला दिलं होतं, वर जिरं-मोहरी घालून.

मला त्या फोरमनवर चिडताही येईना. मीही नमस्कार करूनच जाळलं होतं की.

वाण्याकडे ह्यांनी जाणं बरं दिसलं नसतं. पुरुषमाणूस रद्दी मागतोय म्हटल्यावर चार डोळे वळले असते. मी गेले. वाणी लिंगायत, घरी कानडी, हिशेब कानडीत. मराठी अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, एवढा एकच आधार. दुकानात गर्दी होती. मी आधी धने घेतले, मग हिंग, मग लागत नसताना ओवा. प्रत्येक पुडी बांधताना तो माझंच पान टरकन फाडत होता आणि दर वेळी मला आपली कातडी निघाल्यासारखं होत होतं. शेवटी जीव मुठीत धरून म्हटलं, "हे कागद चांगले जाड आहेत. शाळेतल्या मुलांच्या पुस्तकांना वेष्टनं घालायला द्याल का? बदली वर्तमानपत्रं देते."

"घ्या की अक्का," तो म्हणाला. "मलाबी पातळच बरा, दोरा चांगला बसतोय." त्यानं उरलेला गठ्ठा पुढे टाकला आणि मी हात लावणार तोच सहज म्हणाला, "जमादाराच्या घरच्यांनीबी असंच म्हटलं. काल वर्षाच्या मिरच्या नेल्या की त्यांनी. मोठा कागद सबंध दिला बांधायला. जाड कागद, फाटत नाही, म्हटल्या."

गठ्ठा उचलून मी घरी कशी आले ते मला आठवत नाही.

जमादार पोलिसातले, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. अंगानं आडवे, मिशा पिळलेल्या. सोजिरांबरोबर घरोघर फिरून झडत्या घ्यायच्या वेळी वाट दाखवायला तेच पुढे असत. लोक आपापल्या दारातून त्यांच्या बुटांकडे बघत. त्यांच्या घरात, मिरच्यांभोवती, माझं सातवं प्रकरण सबंध पडलं होतं, आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव छापलेलं असतं. मास्तरांचं पुस्तक निघणार हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हौसेनं मीच सांगितलं होतं.

वाण्याकडून आणलेला गठ्ठा आम्ही थोडा थोडा बंबात घातला. एकदम घातला असता तर धुराकडे लोक बघते. ऐन उन्हाळ्यात हे दोन वेळा कढत पाण्यानं अंघोळ करू लागले. शेजारणीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, वाताचं आहे. ह्यांना न्यायला आलेच तर बरोबर द्यायला म्हणून एका पंच्यात लोटी, सदरा, दात घासायची राखुंडी बांधून मी ती पुरचुंडी खुंटीला लावून ठेवली. तिच्याकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो. ओट्यावर पाऊल वाजलं की मी तिकडेच बघत राहायची. पोळी करपायची, दूध उतू जायचं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

एका संध्याकाळी, दारं लागल्यावर, ते म्हणाले, "पहिल्यापासून सांग."

"काय?"

"गोष्ट. कशापायी जायचंय ते तरी कळू दे."

मी सांगितली. राजपुत्र विहिरीत उतरतो तिथपासून. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अगदी जवळ बसून, कुजबुजत. हे भिंतीला टेकून ऐकत होते. सातव्या प्रकरणाशी आले तेव्हा मी थांबले, पण त्यांनी हातानंच खूण केली की चालू दे. सगळं झाल्यावर त्यांनी कंदील बारीक केला. मग म्हणाले, "बरी आहे गं." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी दिलेली तेवढीच शाबासकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार आमच्या दारात उभे. मागे दोन गोरे शिपाई, बंदुकीला पाती लावलेले. मी चुलीपाशी होते. तिथून फक्त ह्यांची पाठ आणि जमादारांचा पट्टा दिसत होता. खुंटीवरच्या पुरचुंडीकडे माझी नजर गेली ती तिथून हलेना.

"मास्तर, पुस्तक छापताय म्हणं?"

"हो," हे म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "भुताखेतांचं. मुलांसाठी."

"भुतांचं? मंग आमाला द्या की वाचाया. आमी भुतांस्नी लई भ्येतो."

ते हसले की नाही ते मला दिसलं नाही. पाणी मागितलं. ह्यांनी तांब्या-फुलपात्र नेऊन दिलं. पाणी पिऊन ते तिघं शेजारच्या दाराला गेले. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते आम्हांला मांजरासारखं खेळवताहेत, की त्यांना काहीच ठाऊक नाही, हे काही केल्या कळेना. हे त्या दिवशी शाळेत गेले ते मला "येतो" न म्हणता.

आणि त्याच दुपारी जमादारीणबाई आल्या.

सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातल्या त्या. माहेरी मेंढरं. भाऊ शाळेत जायचा तेव्हा त्याच्या शेजारी बसून त्याच्या पुस्तकातून वाचायला शिकल्या होत्या, असं त्यांनी मला कधी तरी पाण्याच्या नळावर सांगितलं होतं. बाई उंच, काळ्यासावळ्या, बोलणं ठसक्याचं. ओट्यावर बसल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि ओच्यातून घडी घातलेला कागद काढला. मिरच्यांचा तिखट वास एकदम नाकात गेला.

"मास्तरीणबाई, ह्यो कागूद तुमच्या मास्तरांच्या पुस्तकातला न्हवं?"

मी पदराला हात पुसले.

"आवं, पानं समदी उलटीसुलटी. कुटं डोकं, कुटं पाय, कायबी कळंना. मंग म्या त्याची घडी घालून घालून बघितली, तवा लागली सरळ." त्या पुढे वाकल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "ती पोर बुरजावं चढली, लुगडं फाडून बांदलं, आन् कागूदच सपला की वो. म्होरं काय हुतं? मारत्यात व्हय तिला?"

पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. जगात मला आणि काल रात्रीपासून ह्यांना, एवढंच. हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची मी वर्षभर वाट पाहत होते, आणि तो माणूस आला तो जमादाराच्या घरातून. मला वाटलं, हिला त्यांनीच पाठवलंय. सकाळी ते, दुपारी ही. मी हो म्हणायची खोटी, की हे शाळेतून घरी यायचेच नाहीत.

"आमच्या पुस्तकातलं नव्हे हे," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाचं असेल. मला काय ठाऊक पुढचं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कागदाकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "न्हाय तर न्हाय." घडी पुन्हा ओच्यात गेली. उठता उठता म्हणाल्या, "आमच्या ह्यांस्नी म्या दावला न्हाय ह्यो. मिरच्या डब्यात भरल्या आन् कागूद उतरंडीच्या मडक्यात ठिवला. तितं त्येंचा हात जात न्हाय. तवा तुमी भ्याचं कारण न्हाय."

माझं नव्हे म्हटल्यावर तो कागद मागायचा तरी कोणत्या तोंडानं? त्या गेल्या. मी दार लोटलं आणि तिथंच उंबऱ्याशी बसले. हे त्या दिवशी घरी आले. दुसऱ्या दिवशीही आले. कुणी ह्यांना न्यायला आलं नाही. त्या बाईंनी खरंच दाखवला नव्हता. पण पुरचुंडी मी पावसाळा सरेपर्यंत खुंटीवरून काढली नाही.

लष्करी कायदा उठला. भोंगे पुन्हा वाजू लागले. पुस्तक निघालं, हिरव्या राक्षसांचं, ह्यांच्या नावाचं. बऱ्यापैकी खपलं. जमादारांची बार्शीला बदली झाली तेव्हा मी जमादारीणबाईंना हळदकुंकू लावून एक प्रत दिली. त्यांनी ती डोक्याला लावली. मी आणखीही पुस्तकं लिहिली. त्यांतल्या सगळ्या राक्षसांना शिंगं आहेत. भीती वाटली म्हणून दिली. ज्यांना वाटली नसेल त्यांनी हसावं.

चारपाच वर्षांनी बार्शीला नात्यात एक लग्न होतं. धान्याच्या बाजारात अक्षतांचे तांदूळ, गहू असलं काही घेत असताना मागून हाक आली, "मास्तरीणबाई!" त्याच. केस पिकले होते, ठसका तोच. हाताला धरून घरी नेलं. जमादार चौकीवर होते. चहा झाला आणि त्या आतल्या खोलीत जाऊन माझं पुस्तक घेऊन आल्या. कोपरे झिजलेले, पुष्कळ वाचलेलं. मी उघडलं. मध्येच एक जागा फुगली होती.

सातव्या प्रकरणाची छापील पानं त्यांनी कापून काढली होती. त्या जागी मिरच्यांचा तो कागद, सोळा पानांची घडी घालून, कडा सारख्या करून, गोणी शिवायच्या दोऱ्यानं शिवला होता. अक्षरावर लालसर डाग होते.

"त्ये पुस्तकातलं खोटं हुतं," त्या म्हणाल्या. "हिरवी भुतं म्हणं. म्या काढलं आन् ह्यो खरा घातला." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् ह्ये मास्तरांनी न्हाय लिवल्यालं. राखंनं चिरल्याल्या हाताला दोर कसा लागतोय, त्ये मास्तरास्नी काय ठावं?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मी वाचायला लागले. सबंध जगात या सोळा पानांची हीच एक प्रत उरली होती. मी सगळं विसरले होते. ती पोर बुरुजाच्या पायऱ्यांवर एकदा घसरते, तेही विसरले होते. शेवटापर्यंत वाचलं आणि म्हटलं, "बाई, हे मला द्याल का? माझंच आहे हे. मीच लिहिलंय."

हे मी मोठ्यानं बोलले ते आयुष्यात पहिल्यांदा.

त्या काही बोलणार, तेवढ्यात अंगणात बूट वाजले. जमादार आले होते. मी काय केलं ते मला कळलंही नाही. पुस्तक माझ्या पदराखाली होतं आणि वरून दोन्ही हातांनी मी ते पोटाशी दाबून धरलं होतं. बाहेर ते पायांवर पाणी घेत होते. जमादारीणबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"बगा," त्या हळू म्हणाल्या. "अजून भ्येताय तुमी." त्या हसत नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला. "न्हाय देत. तुमच्याकडं ऱ्हायलं तर तुमी जाळाल की वो."

मी पदराखालून पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.